'निवेदन' आणि एकांतवासाचीं नवीं वृत्तें

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाश्चात्य वाङ्मयांत एका विशिष्ट जातीच्या पुस्तकांचें पीक फार आलें आहे. मध्यम वयाची, सुशिक्षित, बहुधा लेखनावरच उपजीविका करणारी अशी कोणी एक व्यक्ति संसारांतील आघातानें किंवा शरीरांतील हट्टी व्याधीनें बेजार होते. कोणाच्या तरी सांगण्यावरून दूरच्या योगाश्रमाची अथवा ध्यानकेंद्राची वाट धरते. पहिले दोन-तीन दिवस तेथील पहांटेची घंटा, मांडी घालून बसल्यानें गुडघ्यांत उठणारी कळ आणि अळणी जेवण यांवर खुसखुशीत विनोद करते. मध्यंतरीं केव्हां तरी रडते. आणि शेवटच्या प्रकरणांत कांहीं तरी गवसल्याची ग्वाही देऊन घरीं परतते. या जातीला मराठींत रूढ नांव नाहीं; सोयीसाठीं आपण तिला 'एकांतवासवृत्त' म्हणूं. सांचा ठरलेला असला म्हणजे पुस्तक वाईटच असतें असें नाहीं. आरतीचा, लावणीचा, इतकेंच काय पण संस्कृत नाटकाचाहि सांचा ठरलेलाच होता. प्रश्न एवढाच कीं, या सांच्यांत खरें काय ओतलें जातें आणि पोकळ काय राहतें.

हा प्रश्न आपल्याला परका मानण्याचें कारण नाहीं. योगाचें शिक्षण संन्याशाच्या मठांतून काढून गृहस्थाच्या दारीं आणण्याचा आधुनिक उद्योग बराचसा आपल्याच प्रांतांत झाला. श्रीयोगेंद्रांनीं १९१८ सालीं वर्सोव्यास आपली संस्था काढली आणि पुढल्याच वर्षीं ते अमेरिकेस गेले. स्वामी कुवलयानंदांचें कैवल्यधाम १९२४ पासून लोणावळ्यास आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेचीं शिबिरें चाललीं आहेत. आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तर योगवर्गाच्या पाट्यांना आतां तोटा उरलेला नाहीं. उलट दिशेचीहि ये-जा वाढली आहे. आमच्या करंजासारख्या, एका अंगास खाडी आणि दुसऱ्या अंगास द्रोणागिरीचा डोंगर असलेल्या गांवींहि बाली बेटांत किंवा सिंहलद्वीपांत योगसप्ताहाला जाऊन आलेलीं माणसें हल्लीं भेटतात. जाण्यापूर्वीं कांहीं वाचावें अशी इच्छा त्यांतील पुष्कळांना असते, आणि त्यांच्या हातीं पडतें तें वर वर्णिलेल्या सांच्याचें एखादें इंग्रजी पुस्तक. या विषयावर मराठींत पूर्वींच एक पुस्तक झालें आहे, तें १९२४ सालचें आहे, आणि परदेशीं जाऊन ध्यानमार्गांत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसाचें तें स्वतःचें कथन आहे, याची आठवण क्वचितच कोणाला असते. तें पुस्तक म्हणजे धर्मानंद कोसंबींचें 'निवेदन'.

'निवेदना'ची ओळख सामान्यतः आत्मचरित्र म्हणून करून दिली जाते, आणि कोसंबी पाली भाषेचे पंडित असल्यामुळें तें पंडिताचें आत्मचरित्र समजून बाजूस ठेविलें जातें. वस्तुतः या पुस्तकाचा मोठा आणि अधिक सरस भाग पंडित होण्यापूर्वींच्या माणसाचा आहे. कोसंबी गोव्यांतील सांखवाळचे. जन्म १८७६ चा. शाळेंतलें शिक्षण बेताचें, घरचा व्यवसाय माडांच्या बागेचा, लग्न लहान वयांत झालेलें. अशा तरुणाच्या हातीं 'बालबोध' मासिकांतील बुद्धाचें एक लहानसें चरित्र पडतें, आणि ज्या धर्माचा मागमूसहि त्याच्या गांवांत नव्हता त्या धर्माचा शोध घेण्याचा ध्यास त्याला लागतो. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागें ठेवून ते पुण्यास आले. तेथें डॉ. भांडारकरांचा आधार मिळाला. तेथून ग्वाल्हेर, काशी असें करीत, अन्नछत्रांत जेवून, त्यांनीं संस्कृत पदरीं पाडून घेतलें. १९०२ सालीं मोठ्या आशेनें नेपाळ गांठलें, तों तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराशा पदरीं आली. मग बोधगया, कलकत्ता, आणि समुद्र ओलांडून सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगल महास्थविरांच्या छायेखालीं ते पाली शिकले, तेथेंच श्रामणेर झाले. पुढें ब्रह्मदेशांत जाऊन भिक्षूंच्या संगतींत राहिले. १९०६ सालीं चीवर उतरवून ते कलकत्त्यास पाली शिकवूं लागले. पुढील इतिहास, म्हणजे सयाजीराव गायकवाडांचें वेतन, हार्वर्ड, फर्ग्युसन कॉलेज, गुजरात विद्यापीठ, मिठाचा सत्याग्रह, हा सर्व महत्त्वाचा असला तरी आजच्या आपल्या विषयाचा नव्हे.

या पुस्तकाचें आणि नव्या वृत्तांचें माप एकाच गजानें घेतां येईल काय? मला वाटतें येईल, आणि तो गज कोसंबींनींच आपल्या हातीं ठेविला आहे. बुद्धघोषाचार्यानें पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत रचलेला 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ कोसंबींच्या आयुष्याचा सांगाती होता. हार्वर्डला त्यांना नेलें तें या ग्रंथाच्या संपादनानें. १९४० सालीं त्यांनीं त्याची देवनागरी आवृत्ति मुंबईस प्रसिद्ध केली. आणि हार्वर्डची आवृत्ति त्यांच्या मृत्यूनंतर १९५० सालीं बाहेर पडली. ध्यानाला बसूं इच्छिणाऱ्यानें आधीं काय दूर सारावें हें या ग्रंथांत सांगतांना दहा 'पलिबोध' गणले आहेत. पलिबोध म्हणजे पायांत अडकणारी गोष्ट. आवास, कुल, लाभ, गण, कर्म, प्रवास, ज्ञाति, आबाध, ग्रंथ आणि ऋद्धि अशीं त्यांचीं नांवें. येथें कर्म म्हणजे इमारतीचें बांधकाम, गण म्हणजे भोंवतीं जमलेला शिष्यवर्ग, आबाध म्हणजे आजार. आचार्याची दृष्टि किती व्यवहारी आहे पाहा. प्रवास मनांत घोळत असेल तर आधीं तो करून ये म्हणतो. आप्त आजारी असेल तर आधीं त्याची शुश्रूषा कर म्हणतो. स्वतःला व्याधि असेल तर औषध घे म्हणतो. अडथळ्याची निंदा नाहीं; त्याची व्यवस्था लावावयास सांगितलें आहे.

आतां ही यादी एकांतवासवृत्तांपुढें धरली तर एक मजेची गोष्ट दिसते. प्रवास, आजार, आप्त, पुस्तक आणि लाभ हीं वगळलीं तर या वृत्तांत उरतें काय? ज्या गोष्टी आश्रमाच्या दाराबाहेर ठेवावयास सांगितलेल्या असतात, नेमक्या त्यांचेंच हें वाङ्मय बनलेलें आहे. हा दोष म्हणून मी सांगत नाहीं. ध्यान साधलें तर त्याची गोष्ट होत नाहीं. गोष्ट होते ती न साधण्याची, आणि साधूं न देणाऱ्या वस्तूंची. जो लेखक हें ओळखतो आणि आपले पलिबोध प्रामाणिकपणें मांडतो त्याचें पुस्तक खरें उतरतें. जो त्यांना पायरीसारखें वापरून समाधीचें वर्णन करावयास वर चढतो त्याची भाषा त्याच क्षणीं फुगते. प्रसिद्ध अशीं तीन पुस्तकें या कसोटीस लावून पाहूं.

एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेचें 'ईट, प्रे, लव्ह' (२००६) हें सर्वांत अधिक खपलेलें, आणि म्हणून सर्वांत अधिक टवाळीस पात्र झालेलें. इटली, भारत आणि इंडोनेशिया येथें चार-चार महिने राहून तें लिहिलें. भारतांतील काळ एका आश्रमांत गेला, त्याचें नांव लेखिकेनें सांगितलेलें नाहीं. प्रवासाचा खर्च प्रकाशकानें आगाऊ दिलेल्या रकमेंतून झाला, हेंहि ती लपवीत नाहीं. लाभ नांवाचा पलिबोध इतक्या उघडपणें क्वचितच कोणी खांद्यावर घेतला असेल! पुस्तकाचे १०८ तुकडे जपमाळेच्या मण्यांप्रमाणें ओंवण्याची कल्पना मला कृत्रिम वाटते, आणि दिव्यानुभवाचीं वर्णनें तर वाचकानें खुशाल ओलांडून जावींत. पण त्या आश्रमांत रोज पहांटे म्हटल्या जाणाऱ्या गुरुगीतेशीं तिचें जें भांडण चालतें तेवढा भाग अस्सल आहे. दीडशेंहून अधिक श्लोकांचा तो पाठ तिला नकोसा होतो. घाम फुटतो, राग येतो, पळून जावेंसें वाटतें. शेवटीं बहिणीच्या लहान मुलाला रात्रीं झोंप लागत नाहीं हें आठवून ती तो पाठ त्या मुलासाठीं म्हणूं लागते, आणि म्हणवतो. आपल्याकडे गुरुचरित्राच्या पारायणाला बसलेल्या कोणत्याहि आजीला हें कळेल. ज्ञाति हा अडथळा होता, तोच येथें आधार झाला. लेखिकेनें हें सिद्धान्त म्हणून सांगितलेलें नाहीं, घडलें तसें सांगितलें आहे, म्हणून तें पटतें. आणखी एक प्रसंग असाच. आपण अबोल राहून आश्रमांतील मौनी बाई म्हणून ओळखलें जावें असा ती निश्चय करते, तों तिची नेमणूक होते ती नव्या पाहुण्यांचें आगतस्वागत करण्यावर. येथें विनोद आहे, आणि तो लेखिका स्वतःवर करते.

टिम पार्क्स या इंग्रज कादंबरीकाराचें पुस्तक (२०१०) याहून वरच्या दर्जाचें आहे. पार्क्स इटलींत राहणारे, पाद्र्याचे चिरंजीव, आणि श्रद्धा म्हटली कीं भिवई उंचावणारे. ओटीपोटांतील जुनाट दुखण्यानें ते वर्षानुवर्षें हैराण होते. वैद्यकीय तपासण्या होत, पण निदान ठरेना. अखेर श्वासाकडे लक्ष देण्याच्या युक्त्यांतून कांहीं आराम पडला, आणि त्या वाटेनें ते इटलींतील विपश्यना शिबिरांत जाऊन बसले. या पुस्तकांत व्याधीविषयीं जें लिहिलें आहे तें इतकें नेटकें, निर्लज्ज आणि करुण आहे कीं आबाध-पलिबोधावरचें आधुनिक भाष्य म्हणून तें वाचावें. पण पार्क्सना मौनांत जो खरा अडथळा सांपडतो तो दुखणें नव्हे, शब्द. वेदना होते आहे तोंच मन तिचें वाक्य जुळवूं लागतें. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसानें, आपला धंदाच आपल्या आजाराचा भागीदार आहे कीं काय, असा संशय घ्यावा, आणि तो संशय पुन्हां शब्दांतच लिहून काढावा, या पेंचांत त्या पुस्तकाचें बळ आहे. तो पेंच सोडविल्याचा आव ते आणीत नाहींत.

तिसरें पुस्तक इमॅन्युएल कारेर या फ्रेंच लेखकाचें 'योग' (२०२०). यांतील शिबिर फ्रान्सच्या मोर्वां प्रदेशांतलें, जानेवारी १९१५ नव्हे, २०१५ चें. शतकाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण वर्णन वाचतांना काळ थांबल्यासारखा वाटतो. आणि येथें मराठी वाचकानें क्षणभर थांबलें पाहिजे, कारण त्या फ्रेंच खेड्यांत कानीं पडतो तो आवाज इगतपुरीशीं जोडलेला आहे. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ सालचा, ब्रह्मदेशांतील मंडालेचा. डोकेदुखीच्या असह्य विकारामुळें ते १९५५ सालीं रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरु सरकारी नोकरींतले, देशाचे महालेखापाल होते. १९६९ सालीं गोएंका भारतांत आले, त्याच वर्षीं त्यांचें पहिलें शिबिर मुंबईस झालें, आणि १९७६ पासून इगतपुरी हें त्या परंपरेचें मुख्य ठाणें झालें. गोएंका २०१३ सालीं वारले. तरी जगभरच्या केंद्रांतून सूचना त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजांत दिल्या जातात. नियम सर्वत्र सारखे : पहांटे चारला उठणें, दिवसाकांठीं सुमारें दहा तास बैठक, पहिले तीन दिवस केवळ श्वासावर लक्ष, चौथ्या दिवशीं विपश्यनेचा आरंभ, दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, शुल्क नाहीं, शिबिर पुरें झाल्यावर वाटल्यास दान. आणि लेखकाच्या दृष्टीनें सर्वांत जाचक नियम असा कीं, वाचावयाचें नाहीं व लिहावयाचेंहि नाहीं.

कारेर तेथें जातात तेच मुळीं योगाविषयीं एक लहानसें प्रसन्न पुस्तक लिहिण्याच्या इराद्यानें. हें ते मोकळेपणानें सांगतात. वही काढून घेतली तरी डोक्यांतली वही कोण काढून घेणार? ग्रंथ-पलिबोधाचें याहून चोख उदाहरण शोधून सांपडणार नाहीं. पण दहा दिवस पुरे होण्यापूर्वींच, ७ जानेवारीला, पॅरिसमध्यें 'शार्ली एब्दो' या पत्राच्या कचेरींत हत्याकांड झालें. मारल्या गेलेल्यांत त्यांच्या परिचयाचा एक गृहस्थ होता, आणि अंत्यविधीच्या वेळीं बोलण्यासाठीं त्यांना शिबिरांतून बाहेर बोलावून घेण्यांत आलें. पुढें पुस्तक ध्यानाचें राहत नाहीं. लेखकाला उन्मादविषादाचा तीव्र झटका येतो, वेड्यांच्या इस्पितळांत विजेचे झटके घ्यावे लागतात, ग्रीसच्या एका बेटावर निर्वासित मुलांबरोबर दिवस काढावे लागतात. प्रसन्न पुस्तकाचा संकल्प मोडला, आणि त्या मोडण्याचेंच पुस्तक झालें. या तिघांत कारेर सर्वांत समर्थ गद्यकार आहेत याबद्दल मला शंका नाहीं. तथापि त्यांच्या पुस्तकाच्या मध्यभागीं एक भोंक आहे. घटस्फोटित पत्नीविषयीं तिच्या संमतीवांचून लिहूं नये असा करार होता, हें पुस्तक निघालें त्याच वर्षीं वृत्तपत्रांतून जाहीर झालें. तिच्या बाजूनें पाहिलें तर हा करार अगदीं योग्य होता असें मी म्हणेन. परंतु त्यामुळें लेखक कोसळतो तो कशानें, हें वाचकाला नीटसें कळत नाहीं. आप्ताला पुस्तकांतून वगळतां येतें, पलिबोधांतून वगळतां येत नाहीं.

या तिघांनंतर 'निवेदना'कडे वळलें म्हणजे प्रथम वाटतें तें असें कीं पुस्तक रुक्ष आहे. कोठून कोठें गेलों, तिकिटाला पैसे कोणीं दिले, कोणत्या विहारांत उतरलों, परक्या अन्नानें प्रकृति कशी बिघडली, कोण उपयोगी पडला, याच्या नोंदींमागून नोंदी. निसर्गवर्णन जवळजवळ नाहीं. विनोद आहे तो कोरडा. एखाद्या ठिकाणीं वाचकाला दोन वाक्यें अधिक हवीं असतात आणि लेखक पुढल्या आगगाडींत बसलेला असतो. हा दोष मी झांकीत नाहीं. पण हा हिशेबी स्वभाव पुस्तकाच्या गुणाशीं एकजीव झालेला आहे. कोसंबी आपल्याला काय 'झालें' हें सांगत नाहींत, आपण काय 'घेतलें' हें सांगतात. अन्नछत्रांतलें जेवण, विहारांतली जागा, शिकविणाऱ्याचा वेळ, हें सर्व त्यांच्या लेखीं ऋण आहे, आणि ऋणको जशी वही ठेवतो तशी ही वही आहे. हल्लींच्या एकांतवासीनें शुल्क भरलेलें असतें, निदान प्रकाशकानें भरलेलें असतें. म्हणून त्याला जेवणाची थट्टा करण्याचा हक्क पोंचतो. भिक्षापात्र हातीं धरून ज्यानें अन्न घेतलें त्याला तो पोंचत नाहीं. दोन गद्यशैलींतील हें अंतर केवळ स्वभावाचें नव्हे, हिशेबाचें आहे.

आणि मग येतो तो मुद्दा, ज्यासाठीं नवा वाचक हें पुस्तक उघडील : ध्यानाविषयीं ते काय म्हणतात? ब्रह्मदेशांत मंडालेजवळ इरावतीच्या कांठीं सगाईंच्या टेकड्या आहेत. तेथील एका गुहेंत ज्ञानतिलोक नांवाचा जर्मन भिक्षु आणि कोसंबी हे दोघे राहिले आणि अर्हत् म्हणून ख्याति असलेल्या एका भिक्षूच्या मार्गदर्शनाखालीं शमथ व विपश्यना यांचा अभ्यास करीत होते, अशी नोंद ज्ञानतिलोकांच्या आत्मवृत्तांत आहे. प्रसंगाची कल्पना करा. एक वीसबाईस शतकांपूर्वीं आपल्याकडून निघून गेलेल्या विद्येच्या शोधांत आलेला गोमंतकीय. दुसरा व्हायोलिन वाजविणारा, वीसबाविसाव्या नव्हे पण पंचविशीच्या आगेमागें युरोप सोडलेला जर्मन. आजचा लेखक या गुहेवर एक सबंध खंड लिहील. कोसंबी अंतःकरणांतील घडामोडींविषयीं जवळजवळ मौन पाळतात.

हें मौन कां? विनयपिटकाचा एक नियम येथें ध्यानांत घेतला पाहिजे. न मिळालेली अलौकिक सिद्धि मिळाली असें जाणूनबुजून सांगणारा भिक्षु संघाबाहेर होतो. चार पाराजिकांपैकीं हें चौथें. इतकेंच नव्हे, खरोखर मिळालेली अवस्थाहि दीक्षा न घेतलेल्या माणसाजवळ बोलून दाखविणें हा लहान कां होईना पण अपराधच मानला आहे. खोटें बोलूं नये हें कोणीहि सांगेल. या बाबतींत खरेंहि बोलूं नये असें सांगणारें शास्त्र विरळा. त्यामागें कारण व्यवहाराचें आहे. जो भिक्षु आपल्या समाधीची कीर्ति सांगेल त्याच्या पात्रांत अन्न अधिक पडेल. म्हणजे अनुभवाचें कथन आणि लाभ यांची गांठ त्या नियमकर्त्यांना पुरेपूर माहीत होती. प्रकाशकाची आगाऊ रक्कम त्यांना नवी वाटली नसती. 'निवेदन' प्रसिद्ध झालें तेव्हां कोसंबी भिक्षु राहिले नव्हते, तेव्हां नियम त्यांच्यावर बंधनकारक नव्हता. तरी त्यांनीं तो पाळला, आणि ध्यानाची प्रक्रिया लिहावयाची झाली तेव्हां 'समाधिमार्ग' हें वेगळें पुस्तक लिहिलें, जेथें 'मी' नाहीं, केवळ विषय आहे. आत्मवृत्त एकीकडे आणि शास्त्र दुसरीकडे अशी ही वांटणी आहे. नव्या वृत्तांत दोन्ही एकाच भांड्यांत शिजतात, आणि म्हणून ऐन मोक्याच्या पानावर वाचकाला कळेनासें होतें कीं हें आपल्याला शिकविलें जात आहे, कीं दाखविलें जात आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, लेखकानें मौन पाळणें हें साधकाला शोभतें, साहित्याला नव्हे. सगाईंच्या गुहेंत काय झालें हें कळण्याचा वाचकाला हक्क आहे. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. गुहेंतलें हवापाणी, दोघांचें संभाषण कोणत्या भाषेंत चाले, जेवण कोठून येई, हें तरी विस्तारानें हवें होतें. त्यांत विनयभंग नव्हता. उरलेला अर्धा मान्य नाहीं. करंजाचा तांडेल होडीवर प्रथमच आलेल्या पोराच्या हातीं सुकाणू देत नाहीं. त्याला जाळें निवडावयास आणि पाणी उपसावयास लावतो. त्या पोराला धक्क्यावर उतरल्यावर समुद्र कसा वाटला असें कोणी विचारीत नाहीं, आणि विचारलेंच तर तो उलटीबद्दल आणि फाटलेल्या हातांबद्दल सांगेल. तेवढेंच त्याचें खरें ज्ञान असतें, आणि तें कमी नसतें. पहिलटकरानें पहिलटकरासारखें लिहावें. कोसंबी तसें लिहितात. गिल्बर्टबाई गुरुगीतेशीं भांडतांना तशाच लिहितात, पुढें मात्र एकदम तांडेल होतात.

घारापुरीचें लेणें उरणच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून फार दूर नाहीं. तेथें प्रवेशाशींच योगीश्वर शिवाची मूर्ति आहे, आणि तिच्या समोरच्या बाजूस नटराज. मूर्ति पुष्कळ भंगलेली असली तरी मिटलेल्या डोळ्यांची ती बैठक अजून मनावर ठसते. मूर्तिकार बाहेरून बैठक दाखवितो आणि थांबतो. शब्दाच्या कलेनेंहि येथें मूर्तिकाराचीच मर्यादा मानावी असें मला वाटतें. मात्र हें माझें मत आहे, शास्त्र नव्हे, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवून कोणी तें खोडून काढूं लागला तर मी वाद घालणार नाहीं. ज्ञानेश्वर हे काय पहिलटकर होते?

'निवेदना'वर माझा खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो ज्ञाति या पलिबोधाविषयीं आहे. १८९९ पासून सुमारें सात वर्षें बाळाबाई आणि मुलगी यांना सोडून कोसंबी हिंडत होते. हा निर्णय सोपा होता असें ते भासवीत नाहींत. संसारांतील आपली अस्वस्थता आणि घर सोडतांनाची ओढाताण यांचा उच्चार पुस्तकांत आहे. १९०६ नंतर ते कुटुंबाशीं पुन्हां जोडले गेले, १९०७ सालीं दामोदर जन्मले, जे पुढें गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाले. पण जिच्या खांद्यावर ही सात वर्षें पडलीं तिचें बोलणें या पुस्तकांत ऐकूं येत नाहीं. अन्नछत्राच्या जेवणाचें ऋण नोंदणारी ही वही या सर्वांत मोठ्या रकमेपाशीं आंखडती होते. कारेरच्या पुस्तकांतील भोंक कराराचें आहे. कोसंबींच्या पुस्तकांतील पोकळी काळाची आहे. पत्नीविषयीं चारचौघांत न बोलणें हीच त्या काळीं सभ्यता होती, हें मी जाणतों. तथापि बुद्धानें राजवाडा सोडला त्या रात्रीची गोष्ट ज्या वाचकाला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला यशोधरेविषयीं विचारावेंसें वाटणारच, आणि तो प्रश्न सांखवाळपर्यंत येऊन पोंचणारच.

सुदैवानें मराठींत त्या बाजूचें एक पुस्तक आहे, जरी तें दुसऱ्याच घरचें असलें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां लक्ष्मीबाई मागें राहिल्या. लहान दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे काढलेले ते दिवस, लोकांचीं टोमणीं, नवऱ्याचीं पत्रें, राग आणि ओढ यांची एकाच वेळीं चाललेली झटापट, हें सारें 'स्मृतिचित्रें'त (१९३४-३६) आलें आहे, आणि तें हंसत हंसत सांगितलेलें असल्यामुळें अधिकच लागतें. टिळकांचें सोडून जाणें हें एक वेळचें नव्हतें. घरांतून न सांगतां निघून जाण्याची त्यांची खोड जुनीच होती. लक्ष्मीबाई त्यांचें मोठेपण कमी करीत नाहींत आणि आपला त्रासहि कमी करून सांगत नाहींत. सत्याच्या शोधाला निघालेल्या पुरुषाचें घर मागें कसें चालतें, दळणकांडण कोण करतें, आजारी मुलाला औषध कोण आणतें, हें मराठी वाचकाला कळलें तें या बाईमुळें. 'निवेदन' आणि 'स्मृतिचित्रें' हीं दोन पुस्तकें मीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं आहेत, आणि एकांत जेथें वाक्य तुटतें तेथें दुसऱ्यांत तें सुरू होतें असा भास मला अनेकदां झाला. बाळाबाईंनीं आपल्या सात वर्षांची हकीकत सांगितली असती तर ती लक्ष्मीबाईंसारखी हंसरी झाली असती किंवा नाहीं, हें आतां सांगतां येणार नाहीं. माडांच्या बागेकडे त्या दिवसांत कोणीं पाहिलें, तान्ह्या माणिकला वडिलांविषयीं काय सांगण्यांत आलें, गोव्याच्या त्या गांवांत लोक काय म्हणाले, हें सारें 'निवेदना'च्या बाहेर राहिलें आहे.